मांजरांमधील चिवट खाज : कारणशोधाचा क्रम आणि व्यवस्थापन

प्रस्तावना :

मराठीतील पशुवैद्यकीय लेखन बव्हंशी गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांच्याभोवती केंद्रित झालेले आढळते. या प्राण्यांवर कुटुंबाची उपजीविका अवलंबून असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. मांजर मात्र उपजीविकेचे साधन नाही. ते घरात असते, आवारात असते, वसतिगृहाच्या खाणावळीच्या मागच्या दाराशी असते. परंतु त्याच्या आजाराचा विचार क्वचितच पद्धतशीरपणे केला जातो. त्यातही खाजेसारखे लक्षण तर आजार म्हणून गणलेच जात नाही. मांजर अंग चाटते, मांजर कान खाजवते, हा त्याचा स्वभावच आहे, असे मानून काही महिने निघून जातात. पोटावरचे केस नाहीसे झाले, मानेवर रक्ताळलेले चट्टे उठले, की मग धावपळ सुरू होते. अशा वेळी दिलेल्या एका इंजेक्शनने मांजराला आठवड्याभरात आराम पडतो, दीड-दोन महिन्यांनी खाज परत येते, पुन्हा इंजेक्शन दिले जाते, आणि हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहते.

हे चक्र कोठे मोडता येते याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. खाज हे लक्षण आहे, रोग नव्हे, हे विधान सर्वांनाच मान्य होईल. तथापि व्यवहारात उपचार लक्षणावर होतात आणि कारण तसेच राहते. मांजराच्या बाबतीत याची किंमत माणसापेक्षा आणि कुत्र्यापेक्षाही अधिक मोजावी लागते. त्याची कारणे मांजराच्या शरीरधर्मात आहेत आणि ती पुढे ओघाने येतील.

खाज म्हणजे काय :

जर्मन वैद्य सॅम्युएल हाफेनरेफर यांनी १६६० मध्ये खाजेची व्याख्या ‘खाजविण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना’ अशा आशयाची केली. साडेतीन शतके उलटूनही ही व्याख्या वापरात आहे. खाज म्हणजे सौम्य वेदना, ही समजूत मात्र आता टिकत नाही. उंदरांच्या मज्जारज्जूत केवळ खाजेचा संदेश वाहून नेणारा एक ग्राही असल्याचे २००७ मध्ये दाखविण्यात आले. तो निकामी असलेल्या उंदरांना वेदना नेहमीप्रमाणे होत, खाज मात्र कमी सुटे. त्वचेत खाज उत्पन्न करणारे द्रव्य म्हणून आपल्याला हिस्टामिन परिचित आहे. परंतु ते एकटे नाही. २००४ मध्ये ओळखले गेलेले इंटरल्यूकिन-३१ हे प्रथिन ॲलर्जीजन्य खाजेत महत्त्वाचे ठरते. सर्दीवरच्या हिस्टामिनविरोधी गोळ्यांनी मांजराची खाज का थांबत नाही, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी येथे मिळते. मार्ग अनेक आहेत आणि गोळी त्यांपैकी एकच अडविते.

खाजविल्याने त्वचेचा वरचा थर फाटतो, फाटलेल्या त्वचेतून दाहकारक द्रव्ये पाझरतात, जिवाणू शिरतात आणि खाज आणखी वाढते. अशा रीतीने मूळ कारण क्षुल्लक असले तरी परिणाम स्वतःच्या बळावर वाढत जातो. म्हणून कारण शोधत असतानाच खाज तात्पुरती आवरावी लागते, हेही तितकेच खरे आहे. कारणशोधाचा आग्रह धरताना प्राण्याला आठ आठवडे तळमळत ठेवणे कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

मांजर खाजवते कमी, चाटते अधिक :

कुत्र्याला खाज सुटली की ती घरातील सर्वांना कळते. तो रात्री पाय आपटून खाजवतो आणि झोपू देत नाही. मांजराची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या जिभेवर मागे वळलेले, केराटिनचे कडक काटे असतात. या काट्यांची टोके चमच्यासारखी पोकळ असून त्यांतून लाळ थेट केसांच्या मुळापर्यंत पोहोचते, हे अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेतील अलेक्सिस नोएल व डेव्हिड हू यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. जीभ हा मांजराचा कंगवा, स्पंज आणि खाजविण्याचे साधन, असे तिन्ही आहे. निरोगी मांजरही जागेपणीचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवीत असल्यामुळे नेहमीचे चाटणे कोठे संपले आणि खाजेचे चाटणे कोठे सुरू झाले, हे पाहणाऱ्याला उमगत नाही. शिवाय पुष्कळ मांजरे माणसासमोर चाटत नाहीत. पलंगाखाली किंवा माळ्यावर जाऊन चाटतात. मालक प्रामाणिकपणे सांगतो की ते अजिबात खाजवत नाही, केस आपोआप गळत आहेत.

या विधानाची शहानिशा करण्याचा मार्ग विलक्षण साधा आहे. विरळ झालेल्या जागेच्या कडेचे पाच-पन्नास केस उपटून, काचपट्टीवर तेलाच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. केस आपोआप गळत असेल तर उरलेल्या केसांची टोके निमुळती व अखंड दिसतात. जिभेने तुटलेल्या केसांची टोके बोथट आणि फाटलेली दिसतात. ज्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभाग आहे तेथे यासाठी लागणारी सर्व साधने उपलब्ध असतात. दुसरी खूण विष्ठेत आणि उलटीत सापडते. केसांच्या गुठळ्या वारंवार पडत असतील, तर केस गळत नसून गिळले जात आहेत, असे समजावे.

चाटण्याचा आणखी एक परिणाम असा की, मांजर पुरावा नष्ट करते. अंगावरची पिसू, तिची विष्ठा, त्वचेच्या वरच्या थरातील सूक्ष्म किडे, हे सारे जिभेबरोबर पोटात जाते. तपासणीत काही न सापडणे म्हणजे काही नसणे नव्हे, ही गोष्ट मांजराच्या त्वचारोगात पदोपदी लक्षात ठेवावी लागते.

त्वचेवर दिसणारी चार रूपे :

कारण कोणतेही असो, मांजराची त्वचा खाजेला प्रामुख्याने चार प्रकारांनी प्रतिसाद देते. डोके व मान ओरबाडून झालेल्या जखमा, हा पहिला प्रकार. पोट, मांड्यांची आतली बाजू आणि कुशी येथील केस चाटून गुळगुळीत होणे, हा दुसरा. यात त्वचा बहुधा अगदी स्वच्छ दिसते आणि त्यामुळेच फसवणूक होते. पाठीवर व मानेवर बाजरीच्या दाण्याएवढ्या खपल्या उठणे, हा तिसरा. या खपल्या दिसण्यापेक्षा हाताला जास्त जाणवतात. पाठीवरून उलटा हात फिरवल्यास वाळूचे कण लागल्यासारखे वाटते. चौथा प्रकार इओसिनोफिल या पेशींच्या गर्दीमुळे होणाऱ्या विकारांचा होय. त्यात वरच्या ओठावरील न दुखणारा व्रण, पोटावरील लालभडक ओलसर चट्टे आणि मांडीच्या मागील पट्ट्यासारखे उंचवटे यांचा समावेश होतो. ओठावरील व्रण पाहून ‘उंदीर चावला’ असा निष्कर्ष काढला जातो, तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

येथे अडचण अशी की, या चारही रूपांवरून कारण ओळखता येत नाही. पिसवांच्या ॲलर्जीने ओठावर व्रण होऊ शकतो आणि अन्नाच्या ॲलर्जीने पाठीवर खपल्या उठू शकतात. एकाच मांजरात दोन-तीन रूपे एकत्रही दिसतात. म्हणून छायाचित्र पाहून निदान सांगणे हा प्रकार मांजराच्या बाबतीत विशेष धोक्याचा आहे. निदान होते ते क्रमाने एकेक शक्यता बाजूला सारून, आणि या क्रमात पहिला मान पिसवेचा आहे.

पिसू : न दिसणारा शत्रू :

मांजराच्या अंगावरची पिसू म्हणजे टेनोसेफॅलिडिस फेलिस. नावात मांजर असले तरी ही जात कुत्र्यावरही तितकीच सुखाने राहते आणि माणसालाही चावते. पिसू अंगावर चढताच काही मिनिटांत रक्त पिऊ लागते, एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि ऐन भरात मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. अंडी चिकट नसल्यामुळे ती केसांत न राहता मांजर जेथे झोपते तेथे पडतात. त्यांतून निघणाऱ्या अळ्या प्रकाश टाळतात, फटींत व अंथरुणाच्या घडीत शिरतात आणि प्रौढ पिसवांच्या विष्ठेतील वाळलेले रक्त खाऊन वाढतात. पुढे त्या कोष विणतात. कोषातील पिसू धक्का, ऊब आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड यांची चाहूल लागेपर्यंत बाहेर न येता काही महिने थांबू शकते. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बंद घराचे दार उघडावे आणि पायांवर पिसवांनी झडप घालावी, हा अनुभव अनेकांना असतो. त्याचे स्पष्टीकरण हेच आहे.

घरातील एकूण पिसवांपैकी प्रौढ पिसवा सुमारे ५ टक्केच असतात, उरलेला भाग अंडी, अळ्या व कोष यांचा असतो, असे कीटकशास्त्राच्या ग्रंथांत सांगितले जाते. अर्थात, मांजराच्या अंगावर दिसणारी पिसू हे संकटाचे केवळ टोक होय. अळ्यांना दमट हवा लागते. कोरडी हवा आणि ३५ अंशांवरील तापमान त्यांना मानवत नाही. त्यामुळे विदर्भातील मे महिना त्यांच्यासाठी कठीण असतो. कोकणपट्टी, मुंबई व गोवा येथील हवा मात्र वर्षातील बहुतेक काळ अनुकूल असते आणि पावसाळ्यात सर्वाधिक. परदेशी पुस्तकांतील ‘हिवाळ्यात उपचार थांबवावा’ ही सूचना आपल्याकडील किनारपट्टीला लागू पडत नाही.

ज्या मांजराला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला शंभर पिसवांची गरज नसते. अधूनमधून होणारे मोजके चावेही त्याची खाज जागती ठेवण्यास पुरे होतात. ॲलर्जी असलेले मांजर अधिक चाटते, म्हणून त्याच्या अंगावर पिसवा कमी सापडतात. आणि ज्या मांजराला काहीच त्रास नाही त्याच्या अंगावर त्या मुक्तपणे नांदतात. घरात दोन मांजरे असतील तर पिसवा निरोगी मांजरावर शोधाव्यात, हा सल्ला विचित्र वाटला तरी उपयोगी आहे. बारीक दातांच्या फणीने केस विंचरून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ते पचलेले रक्त, म्हणजे पिसवेची विष्ठा होय. धूळ असेल तर रंग सुटत नाही.

कण सापडले नाहीत तरी उपचार करावाच. पिसवेच्या ॲलर्जीसाठी विश्वसनीय अशी एकच कसोटी आहे, ती म्हणजे घरातील सर्व मांजरे व कुत्री यांवर एकाच वेळी, किमान तीन महिने, खंड न पडता पिसूनाशक वापरणे आणि खाज किती उतरते ते पाहणे. मांजरासाठी मान्यता असलेली सेलामेक्टिन, फिप्रोनिल, फ्लुरालॅनर यांसारखी औषधे मानेच्या मागे, जेथे जीभ पोहोचत नाही तेथे, थेंबांच्या स्वरूपात सोडली जातात. आयसोक्झॅझोलिन या गटातील औषधांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये झटके व कंप यांविषयी सावधगिरीची सूचना दिली होती. ज्या मांजराला पूर्वी झटके आले असतील त्याच्यासाठी पशुवैद्याने पर्याय निवडावा. जोडीला अंथरूण गरम पाण्यात धुणे, गाद्यांच्या व फर्निचरच्या फटी झाडून काढणे ही कामे आठवड्यातून एकदा तरी व्हावीत. एकाच मांजराला एकदाच थेंब सोडून ‘पिसवांचा उपचार झाला, गुण नाही’ असे म्हणणे आणि मग पुढच्या खर्चिक तपासण्यांकडे वळणे, ही या विषयातील सर्वांत नेहमीची चूक आहे.

डासांनाही येथे दोन ओळी द्यायला हव्यात. काही मांजरांना डासांच्या दंशाची ॲलर्जी असते. नाकाचा दांडा, कानांची बाहेरची बाजू आणि पायांचे तळवे येथे खपल्या व व्रण होतात. मांजराला संध्याकाळनंतर जाळी लावलेल्या खोलीत ठेवले की आठवडाभरात फरक दिसतो. इतक्या स्वस्तात निदान आणि उपचार एकत्र मिळण्याचा योग त्वचारोगात दुर्मीळ आहे.

खरूज, कानातील किडे आणि गजकर्ण :

मांजराची खरूज नोटोएड्रिस कॅटी या सूक्ष्म किड्यामुळे होते. ती कानांच्या कडांपासून सुरू होऊन चेहरा व मान व्यापते; त्वचा जाड, राखाडी व सुरकुतलेली होते आणि मांजर म्हातारे दिसू लागते. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास किडे सहज सापडतात. ती अत्यंत संसर्गजन्य असून माणसालाही काही काळ खाज आणते. कानातील ओटोडेक्टिस या किड्यामुळे कॉफीच्या चुऱ्यासारखा काळपट मळ साठतो. मांजर अंगाची गुंडाळी करून झोपत असल्यामुळे हे किडे मानेवर व शेपटीच्या मुळाशीही पोहोचतात. डेमोडेक्स गॅटोई हा आखूड किडा त्वचेच्या अगदी वरच्या थरात राहतो आणि मांजर तो चाटून टाकते, त्यामुळे खरवडलेल्या नमुन्यात तो न सापडण्याचीच शक्यता अधिक. या सर्वांवर परिणामकारक उपचार आहेत आणि पिसवांसाठी निवडलेल्या औषधांपैकी काही या किड्यांवरही काम करतात.

मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होणारे गजकर्ण खाजेलच असे नाही. तथापि ते घरातील मुलांना होते, लांब केसांच्या पर्शियन मांजरांत ते अधिक आढळते, आणि स्टेरॉइड दिल्यास फोफावते. म्हणून खाज दाबणारे औषध देण्यापूर्वी अतिनील दिव्याखाली केसांची तपासणी व आवश्यक तर बुरशीचे संवर्धन करून घेणे इष्ट ठरते. पांढऱ्या मांजराच्या कानांच्या टोकांवर किंवा नाकावर न भरणारी जखम असेल तर तिला खाजेची जखम न समजता तातडीने तपासून घ्यावे. सूर्यप्रकाशामुळे होणारा त्वचेचा कर्करोग तेथेच सुरू होतो.

अन्नाचे वावडे आणि आठ आठवड्यांची परीक्षा :

परजीवी बाजूला सारल्यानंतर अन्नाचा विचार येतो. मांजरांतील अन्नाच्या ॲलर्जीवरील प्रसिद्ध नोंदींचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये घेण्यात आला. त्यात गोमांस १८ टक्के, मासे १७ टक्के आणि कोंबडी ५ टक्के मांजरांत कारणीभूत आढळले. हे आकडे प्रामुख्याने पाश्चात्त्य आहाराचे आहेत. मांजराला ॲलर्जी होते ती त्याने वारंवार खाल्लेल्या प्रथिनाची. म्हणून मालवण किंवा वसई येथील मांजराच्या बाबतीत पहिला संशय मासळीवर आणि देशावरील दूध-पोळीवर वाढलेल्या मांजराच्या बाबतीत दुधावर घेणे तर्कसंगत होईल. पाकीटबंद खाद्यावर ‘कोंबडी’ लिहिलेले असले तरी त्यात माशांचा अंश असू शकतो, हेही ध्यानात घ्यावे.

रक्त, लाळ किंवा केस तपासून अन्नाची ॲलर्जी शोधून देण्याच्या चाचण्या बाजारात आहेत. त्यांवर विसंबता येत नाही. खात्रीची पद्धत म्हणजे वर्ज्य-आहाराची परीक्षा. मांजराने पूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन, किंवा प्रथिनांचे सूक्ष्म तुकडे करून बनविलेले विशेष खाद्य, एवढेच आठ आठवडे द्यावयाचे. आठ आठवड्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक ॲलर्जीग्रस्त मांजरांत सुधारणा दिसते. तीन आठवड्यांत सोडून दिलेली परीक्षा केलीच नाही असे समजावे. सुधारणा झाली तरी काम अर्धेच झाले. जुना आहार पुन्हा सुरू करावा. बहुधा दोन आठवड्यांच्या आत खाज परतली, तरच निदान पक्के होते. हा दुसरा टप्पा मालकांना क्रूर वाटतो आणि बहुतेक जण तो टाळतात. परंतु तो टाळल्यास मांजर आयुष्यभर महागड्या खाद्यावर राहते आणि सुधारणा खाद्यामुळे झाली की ऋतू पालटल्यामुळे, हे कधीच कळत नाही.

आपल्याकडील घरांत या परीक्षेचा खरा अडथळा आर्थिक नसून सामाजिक आहे. मांजर एका घराचे नसते. चाळीत ते तीन घरी जेवते. सोसायटीत तळमजल्यावरच्या आजी त्याला सुकट घालतात. वसतिगृहात तर प्रत्येक ताटातील एकेक घास त्याचाच असतो. ज्या मांजराला आठ आठवडे घरात ठेवणे शक्य नाही त्याच्यावर ही परीक्षा करण्यात अर्थ नाही आणि तसे स्पष्ट सांगणे हा प्रामाणिकपणा आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी शेजाऱ्यांना कारण समजावून सांगावे, आणि चवीसाठी मांसाचा अर्क घातलेल्या औषधी गोळ्याही या काळात टाळाव्यात.

येथे दोन इशारे आवश्यक आहेत. भूक लागली की खाईल, या समजुतीने मांजराला उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस पोटात अन्न न गेल्यास, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून जीवघेणा विकार उद्भवतो. नवे खाद्य आठवडाभर जुन्यात थोडे थोडे मिसळून आणावे. तसेच मांजर हे काटेकोरपणे मांसाहारी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला आहारातूनच मिळावे लागते आणि त्याच्या अभावी दृष्टी व हृदय दोन्ही बिघडतात. घरातील तत्त्वनिष्ठा कितीही आदरणीय असली तरी ती मांजरावर लादता येणार नाही.

हवेतील कारणे :

पिसू नाही, बुरशी नाही, अन्न नाही आणि खाज मात्र आहे, अशा मांजरांत घरातील धुळीतील किडे, परागकण, बुरशीचे बीजाणू यांची ॲलर्जी गृहीत धरली जाते. २०२१ मध्ये पशुत्वचारोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने या अवस्थेला मांजरांसाठी स्वतंत्र नाव सुचविले, कारण कुत्र्याच्या व माणसाच्या रोगाशी तिचे साम्य पूर्ण नाही. यासाठी कोणतीही निर्णायक चाचणी नाही. हे निदान शिल्लक राहिलेले निदान आहे. म्हणूनच आधीच्या पायऱ्या गाळल्यास ते निरर्थक होते.

‘मानसिक’ म्हणून दिलेली सुट्टी :

पोट चाटून गुळगुळीत केलेल्या मांजराला ‘ताण आहे’, ‘घर बदलल्याचा धक्का आहे’, असे निदान चिकटविणे सोपे असते. या सवयीची परीक्षा पाहणारा एक लहान परंतु बोलका अभ्यास २००६ मध्ये अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मानसिक कारणाने केस गेले असावेत असे गृहीत धरून पाठविलेल्या २१ मांजरांची कसून तपासणी करण्यात आली. त्यांपैकी १६ मांजरांत शारीरिक कारण सापडले, ३ मांजरांत शारीरिक व मानसिक अशी दोन्ही, आणि केवळ मानसिक कारण फक्त २ मांजरांत होते. अभ्यासाचा नमुना लहान आहे आणि ही मांजरे तज्ज्ञाकडे पाठविलेली होती, हे मान्य केले तरी त्याचा रोख स्पष्ट आहे. ‘मानसिक’ हा शब्द पुष्कळदा तपास थांबविल्याची खूण असतो. पोटाच्या खालच्या भागावरील चाटण्यामागे मूत्राशयाचा दाह, तर सांध्यावरील चाटण्यामागे संधिवात असू शकतो. तेथे खाज नसते, दुखणे असते.

ताणाचे महत्त्व नाकारावयाचे नाही. नवीन मांजराचे आगमन, बांधकामाचा आवाज, एकटेपणा यांमुळे असलेली खाज वाढते. उंच बसण्याची जागा, लपण्याची जागा, दररोज ठरावीक वेळी खेळ, आणि प्रत्येक मांजरासाठी स्वतंत्र भांडे व विष्ठापात्र यांचा उपयोग होतो. परंतु ही जोड आहे, पर्याय नव्हे.

घरगुती उपाय आणि विषबाधा :

माणसाला, गाईला किंवा कुत्र्याला जे चालते ते मांजराला चालेल, ही समजूत मांजरांचे प्राण घेते. यकृतात अनेक द्रव्यांना ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून ती शरीराबाहेर टाकली जातात. मांजरात या क्रियेचा एक महत्त्वाचा जनुक निकामी अवस्थेत असल्याचे २००० साली दाखवून देण्यात आले. त्यामुळे पॅरासिटामॉलची अर्धी गोळीदेखील मांजराला मारू शकते, आणि फिनॉलयुक्त जंतुनाशके त्याला घातक ठरतात.

त्वचेच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका पर्मेथ्रिनचा आहे. कुत्र्यांसाठीच्या काही पिसूनाशक थेंबांत हे द्रव्य ४५ टक्के किंवा त्याहून अधिक असते. ‘लहान कुत्र्यासाठी आहे, म्हणजे मांजराला अर्धे चालेल’ असा हिशेब केल्यास काही तासांत कंप व झटके सुरू होतात. ग्रामीण भागात गुरांच्या गोचिडांसाठी आणलेले डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनचे द्रावण त्याच बादलीतून मांजराला लावले जाते. धोका तोच आहे. असे घडल्यास मांजराला भांडी घासण्याच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुऊन, कोरडे करून, विलंब न लावता पशुवैद्याकडे न्यावे. रॉकेल, फिनाईल, कापराचे तेल, टी-ट्री तेल हे लावलेले सारे पदार्थ मांजर चाटून पोटात घेते, म्हणून ते वर्ज्य समजावेत. औषधाच्या वेष्टनावर ‘मांजरांसाठी’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ते मांजरांसाठी नाही, एवढा नियम पुरेसा आहे.

औषधोपचार :

स्टेरॉइड हे मांजराच्या खाजेवरील सर्वांत शीघ्र औषध आहे आणि योग्य हाती ते अत्यंत उपयुक्त आहे. आक्षेप औषधाला नसून देण्याच्या रीतीला आहे. मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेटचे इंजेक्शन एकदा टोचले की त्याचा अंमल कित्येक आठवडे टिकतो आणि दुष्परिणाम दिसला तरी औषध काढून घेता येत नाही. वारंवार दिल्यास मधुमेह, त्वचा पातळ होणे, आणि हृदयविकाराची प्रवृत्ती असलेल्या मांजरात हृदय निकामी होणे, हे परिणाम नोंदविले गेले आहेत. जे मांजर गोळी घेऊच देत नाही त्याच्यासाठी इंजेक्शनचा मोह समजण्यासारखा आहे. पण वर्षाला चार-पाच इंजेक्शने ही उपचारपद्धती होऊ शकत नाही. तोंडावाटे प्रेडनिसोलोन, आरंभी शरीराच्या दर किलोग्रॅमला दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम, आणि आराम पडताच क्रमशः कमी करीत दिवसाआड, ही रीत अधिक सुरक्षित होय. नावातील साम्यामुळे प्रेडनिसोन दिले जाऊ नये. मांजराच्या शरीरात त्याचे क्रियाशील औषधात रूपांतर नीट होत नाही.

दीर्घकाळ औषध लागणारच असेल तर सायक्लोस्पोरिनचा विचार करावा. मांजरांसाठीच्या द्रवरूप औषधाला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. मात्रा दर किलोग्रॅमला ७ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. गुण येण्यास चार ते सहा आठवडे लागतात आणि त्यानंतर अनेक मांजरांत ते दिवसाआड किंवा आठवड्यातून दोनदा पुरते. ते प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून या काळात कच्चे मांस आणि उंदरांची शिकार दोन्ही बंद असावी; टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग अशा मांजरात प्राणघातक ठरू शकतो. कुत्र्यांसाठी २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ओक्लॅसिटिनिब मांजरांत काही तज्ज्ञ मान्यतेबाहेर जाऊन, रक्ततपासणीच्या देखरेखीखाली वापरतात. इंटरल्यूकिन-३१ ला अडविणारे लोकिवेटमॅब मात्र कुत्र्याच्या प्रतिपिंडाच्या साच्यावर बनविलेले असल्यामुळे मांजराला देऊ नये. गळ्यातील शंकूने चाटणे थांबते, खाज थांबत नाही. जखम भरेपर्यंतच त्याचा उपयोग. जखमेतून घेतलेल्या ठशात जिवाणू दिसले तर प्रतिजैविक द्यावे, एरवी नाही.

ज्या मांजराची ॲलर्जी कायमची आहे, त्याच्या घरी एक साधी वही ठेवावी. शून्य ते दहा या मापावर खाज किती, हे आठवड्यातून एका ठरावीक दिवशी घरातील एकाच व्यक्तीने लिहावे. पिसूनाशकाची तारीख, खाद्यातील बदल, पाहुणे, पाऊस, घराचे रंगकाम यांचीही नोंद व्हावी. दर महिन्याला वजन करावे आणि पोटाच्या त्याच जागेचे छायाचित्र घ्यावे. सहा महिन्यांनी पशुवैद्याच्या टेबलावर ही वही उघडली की औषधाची मात्रा कोणत्या महिन्यात कमी करता येईल आणि कोणत्या महिन्यात ती वाढवावी लागेल, हे तिच्यातूनच दिसते. कोकणात ती बहुधा जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी वाढवावी लागते.